पॉइंट तीन टक्क्यांचं झाड

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळीच्या आगेमागे आम्हा पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रेसनोट ठरल्यासारखी येते. 'तुरीच्या शेतात गांजाची लागवड, लाखोंचा मुद्देमाल जप्त.' सोबत फोटो असतो. ताडपत्रीवर उपटलेली हिरवी झाडं, मागे रांगेत उभे अधिकारी-कर्मचारी, आणि मधे तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस. वीस वर्षांत अशा किती बातम्या केल्या याचा हिशोब नाही. 'गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीनुसार' म्हणत सुरुवात करायची, दोन ओळी इकडच्या तिकडे करायच्या आणि पाठवून द्यायची. दुसऱ्या दिवशी आपणही विसरतो, वाचणाराही विसरतो.

मागच्या हंगामात मात्र एका फोटोपाशी अडकलो. जुन्या फोटोंमधली झाडं तुरीच्या वर डोकं काढणारी, शिडशिडीत असायची. ही कमरेएवढी, गच्च झुडपासारखी होती. तिथल्या एका कर्मचाऱ्याला सहज विचारलं, तर म्हणाला, "हे गावठी नाही भाऊ, फॉरेनचं बी आहे. थंडीतलं." खरं-खोटं त्यालाच ठाऊक. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. गांजा हे उन्हातलं पीक, असं आपण धरून चालतो. मग ते थंडीच्या देशात जाऊन बुटकं कसं झालं? कोणी केलं? आणि परत आपल्याच शिवारात कसं येतं?

वाचत गेलो तसं लक्षात आलं, की ही नुसती झाडाची गोष्ट नाही. कायदा एखाद्या झाडाची उंचीसुद्धा कशी ठरवतो आणि त्याची किंमत कोण भरतो, त्याची ही गोष्ट आहे. म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, हा लेख कोणी काय लावावं हे सांगायला नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय ही लागवड केली तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. विषय गमतीचा नाही.

सुरुवात नावापासून करू, कारण घोळ नावापासूनच आहे.

१७५३ साली स्वीडनच्या लिनियसने या झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' नाव दिलं. सटायव्हा म्हणजे लागवडीचं, पेरलेलं. त्याच्या डोळ्यांसमोर होतं ते युरोपातलं झाड. उंच, सरळ, वाख काढण्यासाठी दाट पेरलेलं. त्याचे दोर आणि शिडांचं कापड व्हायचं. नशेचा फारसा संबंध नव्हता. पुढे १७८५ मध्ये फ्रान्सच्या लामार्कने हिंदुस्थानातून आलेले नमुने पाहिले. जास्त फांद्या, कठीण खोड, आणि नशा आणणारं. हे वेगळं आहे म्हणून त्याने 'कॅनाबिस इंडिका' असं नाव दिलं. म्हणजे मूळ हिशोबाने थंड युरोपातलं दोराचं झाड ते सटायव्हा आणि आपलं ते इंडिका.

आता गंमत बघा. आजच्या बाजारात नेमकं उलटं झालंय. केरळ, थायलंड, कोलंबियाकडच्या उंच, बारीक पानांच्या गांजाला सगळे सटायव्हा म्हणतात आणि अफगाणिस्तानातल्या बुटक्या, रुंद पानांच्या झाडाला इंडिका. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्टेस यांनी अफगाणिस्तानात पाहिलेल्या बुटक्या झाडांना १९७४ च्या लेखात इंडिका म्हटलं, आणि तिथून ही रूढी पक्की झाली. परदेशी बियाण्याच्या पाकिटावर 'सटायव्हा जास्त, तरी बुटकं, थंड हवेसाठी' असं लिहिलेलं असतं, त्यातला सटायव्हा हा असा उलटा झालेला. लिनियसने वाचलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

मराठीत आणखी एक घोळ आहे. इंग्रजीतल्या हेम्पला आपण कधी ताग म्हणतो, कधी अंबाडी. ही दोन्ही झाडं वेगळी. आपण या झाडापासून गांजा आणि भांग घेतली, दोर मात्र ताग-अंबाडीचे वळले. त्यामुळे हेम्पला आपल्याकडे स्वतःचा शब्दच नाही. इंग्रजांनी अंबाडीला 'डेक्कन हेम्प' म्हणून टाकलं. अंबाडीचं शास्त्रीय नावसुद्धा 'हिबिस्कस कॅनाबिनस' आहे, म्हणजे कॅनाबिससारखी. पानं दिसतातच तशी. भाकरीबरोबर आपण जी भाजी खातो, तिच्या नावात गांजा आहे!

असो. मुद्दा थंडीचा.

उष्ण देशातलं झाड थंड देशात का पिकत नाही? आपल्याला वाटतं, गारठ्यामुळे. ते अर्धंच खरं. खरी अडचण दिवसाच्या लांबीची आहे. १९१२ मध्ये पॅरिसमध्ये जुलियन तुर्नुआ नावाचा संशोधक याच झाडावर काम करत होता. काचघरात वाढवलेली रोपं रोज थोडाच वेळ उजेडात ठेवली, तर ती लवकर फुलतात, हे त्याला दिसलं. फुलायचं कधी, हे झाड रात्रीच्या लांबीवरून ठरवतं, या निष्कर्षापर्यंत तो येत होता. पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो त्यात मारला गेला. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर तोच नियम पक्का केला, आणि नाव त्यांचं झालं.

आता हा नियम नकाशावर ठेवून बघा. आपल्या नगर भागात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. ॲमस्टरडॅममध्ये पावणेसतरा तासांच्या घरात. उष्ण देशातलं झाड तिथे नेलं, की दिवस मोठा आहे तोवर ते नुसतं वाढत राहतं. उंच होतं, आणखी उंच होतं. दिवस लहान व्हायला लागल्यावर कुठे फुलोरा धरतं, आणि पिकायला त्याला आणखी अडीच-तीन महिने लागतात. तेवढ्यात पाऊस, बुरशी आणि हिमाचा तडाखा येतो. ताड वाढलेलं झाड फळाला येण्याआधीच संपतं.

युरोपातल्या दोराच्या झाडाला ही अडचण नव्हती. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लवकर पिकणारं बी राखून ते झाड उत्तरेला बसवलेलं होतं. रशियात तर १९२४ मध्ये यानिशेव्स्की या शास्त्रज्ञाने एका रानटी, खुरट्या प्रकाराची नोंद केली. त्याला 'रुडेरॅलिस' म्हणतात. हे झाड दिवस मोजत बसत नाही. ठरावीक वय झालं की फुलतं. लहान उन्हाळ्याच्या मुलखात निसर्गाने काढलेला हा तोडगा. पण दोराच्या आणि रानटी झाडांत नशा जवळपास नाही. नशेचं झाड दक्षिणेचं, थंडी सोसणारं झाड उत्तरेचं. दोघांची गाठ पडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

ती गाठ हिंदुकुशाच्या डोंगरात पडली.

साठ-सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेतली तरुण पोरं तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत रस्त्याने हिंदुस्थानात यायची. त्यांचा शेवटचा मुक्काम गोव्याचा हणजूण किनारा, हे तुम्हाला माहीत आहेच. वाटेत अफगाणिस्तानात त्यांना वेगळंच झाड दिसलं. बुटकं, रुंद पानांचं, हिमाच्या आधी पिकणारं. त्या कोरड्या, थंड डोंगरांत तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं बी निवडत निवडत ते तयार केलेलं. त्यांचं नाव कुठल्याच पाकिटावर नाही. बी मात्र पाठपिशव्यांतून कॅलिफोर्नियाला गेलं, तिथून हॉलंडला गेलं.

तिथे हौशी लोकांनी हे अफगाणी झाड मेक्सिको, कोलंबिया, थायलंड, दक्षिण भारताकडच्या उंच झाडांशी संकरित केलं. हेतू असा, की गुण उंच झाडाचा हवा, पण उंची आणि पिकण्याची घाई डोंगरातल्या झाडाची हवी. पिढ्यामागून पिढ्या निवड करत असं झाड तयार झालं, जे सटायव्हाच्या अंगाचं, पण आटोपशीर आणि थंडीच्या आधी पिकणारं. नव्या शतकात त्यात रुडेरॅलिसचं रक्तही मिसळलं.

पण उंची कमी करण्याची इतकी घाई का? शेतात उंच झाड असलं तर बिघडलं कुठे? इथे कायदा येतो.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टरमधून शेतं शोधून झाडं उपटण्याची मोठी मोहीम सुरू झाली. मोठं झाड वरून दिसतं. मग लागवड झाडीआड गेली, तळघरात गेली, माळ्यावर गेली. खोलीला छत असतं, छताला दिवा असतो. दहा फुटी झाड तिथे काय करणार? जे झाड बुटकं तेच टिकलं. म्हणजे थंडीने झाडाला घाईने पिकायला लावलं आणि पोलिसांनी त्याला वाकायला लावलं. बंदीने झाड संपलं नाही, तर बंदीला सोयीचं झाड तयार झालं.

आणि हॉलंडच का? १९७६ मध्ये त्यांनी कायदा बदलून गांजा-चरस एकीकडे आणि हेरॉइनसारखे घातक पदार्थ दुसरीकडे अशी विभागणी केली. शिवाय १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात 'कॅनाबिस'ची व्याख्या आहे ती फुलोऱ्याची. फुलोरा सोबत नसेल तर बिया आणि पानं त्यातून वगळलेली. त्या फटीतून हॉलंडमध्ये बियाण्यांच्या कंपन्या उभ्या राहिल्या, रंगीत कॅटलॉग छापले गेले आणि टपालाने बी जगभर गेलं.

हीच फट आपल्याकडेही आहे बरं का. १४ नोव्हेंबर १९८५ ला आपला एनडीपीएस कायदा लागू झाला. त्यातही गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळांचा शेंडा. नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून उत्तर भारतात सरकारमान्य भांगेची दुकानं आजही चालतात आणि गांजा ओढणारा आत जातो. झाड एकच, पण कुठला भाग हातात सापडला यावर सगळं. आता प्रेसनोटमधला फोटो परत आठवा. झाडं मुळासकट, देठासकट, ओली वजन केलेली असतात. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण. त्यात शेंडा किती आणि खोड किती, हा प्रश्न जामिनाच्या वेळी वकील विचारतो. आम्ही बातमीत कधीच विचारला नाही.

नगरचं नाव मघाशी उगाच घेतलं नव्हतं. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात परवान्याने गांजा पिकायचा, तो प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात. मध्य प्रांतात खांडवा, बंगालमध्ये नौगाव आणि आपल्याकडे नगर. १८९३-९४ मध्ये सरकारने सात जणांचा आयोग नेमला. त्यात तीन हिंदी सदस्य होते. त्यांनी ११९३ साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा, की माफक सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही, अति सेवन वाईट, आणि सरसकट बंदी गरजेची नाही. कर लावा, परवाने ठेवा, नजर ठेवा. त्या सरकारला महसूल प्यारा होता हे उघड आहे. पण त्यांनी निदान शेतकऱ्याला समोर बसवून विचारलं होतं. १९८५ च्या आधी असा आयोग आपण नेमला नाही.

आता येतो तो आकडा, ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहिली. पॉइंट तीन टक्के.

सत्तरच्या दशकात कॅनडात अर्नेस्ट स्मॉल नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी जगभरातून या झाडाचे साडेतीनशेच्या आसपास वाण गोळा केले आणि ओटावाच्या थंड हवेत शेजारी शेजारी वाढवले. त्यांना ढोबळ मानाने असं दिसलं, की ३० अंश अक्षांशाच्या दक्षिणेकडच्या वाणांत नशेचं द्रव्य, म्हणजे टीएचसी, जास्त असतं आणि उत्तरेकडच्या वाणांत कमी. १९७६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या आर्थर क्रॉनक्विस्ट यांच्याबरोबर एक शोधनिबंध लिहिला. वर्गीकरणाच्या सोयीसाठी कुठेतरी रेघ मारायची होती, ती त्यांनी ०.३ टक्क्यांवर मारली. कोवळ्या पानांतलं टीएचसी मोजून. आणि ही रेघ आम्ही आमच्या मर्जीने ठरवली आहे, हे त्यांनी त्यातच कबूल केलं.

पण सरकारांना रेघ आयतीच मिळाली. कॅनडाने १९९८ मध्ये तीच घेतली. अमेरिकेने २०१८ च्या शेती कायद्यात तीच घेतली. युरोपने मधे ०.२ करून पाहिलं आणि २०२३ पासून पुन्हा ०.३ वर आले. रेघेच्या अलीकडे झाड म्हणजे पीक, पलीकडे म्हणजे गुन्हा.

आणि २०१८ मध्ये ही रेघ उत्तराखंडात पोचली. व्यावसायिक हेम्प लागवडीला परवाना देणारं देशातलं ते पहिलं राज्य. अट हीच, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत.

आता नकाशा परत काढा. ३० अंशांची ती रेषा जाते कुठून? थेट उत्तराखंडातून. अल्मोडा तिच्या किंचित खाली, पौडी किंचित वर. त्या डोंगरातल्या लोकांनी हे झाड पिढ्यान्‌पिढ्या घराशेजारी लावलं. भाजलेल्या बियांची चटणी केली, वाखाचे दोर वळले, 'भंगेला' नावाचं जाडंभरडं कापड विणलं. एकाच झाडातून दोर, बी आणि नशा. दोराचं वेगळं, नशेचं वेगळं अशी ओटावातली विभागणी त्यांच्या शेतात कधी नव्हतीच. त्यामुळे स्थानिक बियाण्यातलं टीएचसी मोजलं, की ते बऱ्याचदा रेघेच्या पलीकडे निघतं. परवाना हवा असेल तर आजीने राखलेलं बी सोडा आणि कमी टीएचसीचं बी बाहेरून शोधा. कायद्याने शेती खुली झाली, पण शेतकऱ्याच्या स्वतःच्या बियाण्याला दार बंदच राहिलं.

हे एकट्या पहाडाचं दुखणं नाही. मोरोक्कोतल्या रिफ डोंगरात 'बेल्दिया' नावाचं गावरान झाड होतं. लहान अंगाचं, कमी पाण्यावर येणारं. गेल्या वीसेक वर्षांत तिथे परदेशी संकरित बी घुसलं. उत्पन्न जास्त, पण तहानही जास्त. डोंगरातलं पाणी उपसलं गेलं आणि बेल्दिया मागे पडलं. आपल्या कापसाचं, ज्वारीचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही गोष्ट नवी नाही. डोंगरातलं बी फुकट बाहेर गेलं, हॉलंडच्या पाकिटात बसलं आणि विकत परत आलं.

मोरोक्कोने निदान पुढे एक केलं. २०२१ मध्ये औषधी आणि औद्योगिक वापरासाठी कायदा केला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या राजाने या लागवडीच्या प्रकरणांत अडकलेल्या ४,८०० हून जास्त लोकांना माफी दिली. धंदा कायदेशीर करायचा तर आधी शेतकऱ्याच्या मागचा गुन्हा काढा, एवढा साधा विचार.

आपल्याकडेही वारं बदलतंय. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत या झाडाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्यावर मतदान झालं. २७ विरुद्ध २५. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. हिमाचल सरकारने २०२५ मध्ये कृषी विद्यापीठांमार्फत पथदर्शी अभ्यास मंजूर केला. म्हणजे उद्या पीक येणार. प्रश्न एवढाच, की बी कोणाचं असणार आणि परवाना कोणाला मिळणार?

मी गांजाची वकिली करत नाहीये. व्यसनाने मोडलेली घरं या गावात मीही पाहिली आहेत. कोवळ्या पोरांच्या डोक्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे डॉक्टरांना विचारा. पण घातक आहे म्हणून नियम हवा, हे एक. आणि ओटावातल्या वर्गीकरणाची एक रेघ पहाडातल्या बाईच्या बियाण्याला गुन्हेगार ठरवते, हे दुसरं. दोन्ही एकत्र कालवू नका.

माझ्यापुरतं एक ठरवलंय. यंदा प्रेसनोट आली की नुसती चार ओळी कापून पाठवणार नाही. वजन कशाचं केलं, शेंड्याचं की खोडामुळासकट? बी कुठून आलं? विकणारा सापडला, की नुसता पाणी देणारा? एवढे तीन प्रश्न विचारेन. उत्तर मिळालं तर छापेन, नाही मिळालं तर तेही छापेन.

आणि ताडपत्रीमागच्या त्या टॉवेलवाल्या माणसाचं पुढे काय झालं, हेही एकदा जाऊन बघणार आहे. वीस वर्षांत तेवढी एक बातमी राहूनच गेली.

तुमच्या भागात जुनी माणसं या पिकाबद्दल काही सांगत असतील तर लिहा. विशेषतः नगरकडच्या मंडळींनी. आजोबांच्या कागदपत्रांत एखादा जुना परवाना सापडला तर फोटो टाका. इतिहास तिथेच पडलेला असतो.